पिशवीतला पत्ता

कर्वेनगरच्या चौकात, आयटी कंपन्यांच्या बस थांबतात तिथे, कुणीतरी कचऱ्याची पिशवी टाकून गेलं होतं. आत नाव-पत्ता सापडला तर दंड करता येतो, म्हणून महापालिकेची आरोग्य निरीक्षक शर्मिला हिने सफाई कामगार रतनला ती उपडी करायला सांगितली. भाजीच्या देठांखालून पाकिटांचा गठ्ठा निघाला.

"सापडला, मॅडम! सगळ्यांवर एकच नाव. जयसिंग धुमाळ, वारजे."

शर्मिलाने अक्षर ओळखलं. तिचंच होतं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून वडिलांनी तिला दार बंद केलं, तेव्हापासून दर दिवाळीला ती त्यांना पत्र लिहीत होती.

"पावती करायची ना?" रतनने विचारलं.

"करायची," ती म्हणाली.



बारा पाकिटांपैकी एकही फोडलेलं नव्हतं.