उशिरा आलेलं उत्तर

“डिस्क मेली नव्हती गं. नुसती मंदावली होती,” मास्तर म्हणाले. वयाने मोठे, म्हणून सगळी टीम त्यांना मास्तरच म्हणे.

तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला हा भाग तिनेच लिहिला होता. डिस्कला सांगितलेल्या प्रत्येक कामाला एक नंबर. ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, तर त्या कामावर पाणी सोडायचं आणि तोच नंबर पुढच्या कामाला द्यायचा. डिस्कने मागच्या कामाचं उत्तर उशिरा दिलं. सिस्टिमने ते पुढच्या कामाच्या पदरात टाकलं. एका गिऱ्हाइकाची कित्येक वर्षांची माहिती मातीमोल झाली.

“पण उत्तर तर क्षणात आलं होतं,” ती म्हणाली.

“तिथेच शंका यायला हवी होती. एरवी प्रत्येक कामाला रडणारी डिस्क अचानक हरणासारखी पळेल? नंबर दुसऱ्याला देण्याआधी तिला विचारायचं, बाई गं, मागचं खरंच सोडलंस का? पण थांबायला वेळ आहे कुणाला!” मास्तर हसले.

ती हसली नाही. तिला बाबांचा हात आठवला.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांना बोलता येत नव्हतं. ‘हो’ असेल तर ते हात दाबत, तोही बऱ्याच वेळाने. नर्स म्हणायची, प्रश्न विचारा आणि खुशाल चहा पिऊन या. शेवटच्या दिवशी त्यांचा हात तिच्या हातात होता. आधी तिने विचारलं. वाट पाहिली. हात निपचित. मग दादाने विचारलं, “बाबा, श्वासाचं मशीन काढू द्यायचं का?”

हात लगेच दाबला गेला. इतका लगेच, की डॉक्टरांनीही होकारार्थी मान हलवली. बाबांनी स्वतःच ठरवलं, या एका आधारावर तेव्हापासून घर उभं होतं.

फोन वाजला. आई. रोज याच वेळी, रोज तेच.

“तुझ्याच हातात होता ना गं त्यांचा हात? दादाने विचारल्यावर लगेच दाबला ना?”

“हो आई. लगेच.”

“मग झालं तर. त्यांच्या मनासारखं झालं.”

तिने फोन ठेवला. दादाच्या आधी तिने विचारलं होतं, “बाबा, बरे होऊन घरी यायचंय ना?”