जास्तीचा वेढा

ऐका ना गं, आम्ही चार दिवस मामाकडे निघालो ना, तर शेजारच्या काकू आमच्या कुत्र्याला घाबरतात म्हणून बाबांनी त्याच्या साखळीचा एक जास्तीचा वेढा अंगणातल्या खांबाला मारला. काकूंनी पाण्याचं पातेलं रोज भरलं, पायरीपाशी, नेहमीच्याच जागी. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, “तुमचा काळ्या रुसलाय गं, पाण्याला तोंडच लावत नाही, नुसता भुंकतोय.” आम्ही इतके हसलो! आई म्हणाली, “नाटकी आहे मेला, तहान लागली की पिईल.” तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “आज शहाण्यासारखा गप्प पडलाय.” परत आलो तर उन्हात पातेलं काठोकाठ भरलेलं, काळ्या त्याच्याकडे तोंड करून आडवा. साखळी ताणलेली, मातीत नखांचे ओरखडे. मी हाका मारल्या, शेपूट हललंच नाही. बाबांनी तो वेढा काढला. आता साखळी सहज पातेल्यापर्यंत पोहोचली.