नळाचं गाणं

कॉलेजच्या पोरापोरींच्या तोंडी बसलेलं ते गाणं इन्स्पेक्टरसाहेबांनी मोबाइलवर तिसऱ्यांदा लावलं. ‘नळ मोठा सोड, नाहीतर आवाज बाहेर जाईल,’ ही ओळ आली तसं थांबवलं.

“हे माझे शब्द आहेत, चौकशीच्या खोलीतले,” ते समोर बसलेल्या गायकाला म्हणाले. “माझी मुलगीसुद्धा घरी हेच गुणगुणते. तुला कुणी सांगितलं?”

साहेबांनी दाराशी उभ्या हवालदाराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, तसा साहेबांचा संशय पक्का झाला.

“मी हे बोललो, तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो,” ते हवालदारावर नजर रोखून म्हणाले.

“तिघं होतो, साहेब,” गायक म्हणाला. “मी खाली फरशीवर होतो.”