नारळ फुटेपर्यंत

"आखाडा पाडायचा की डागडुजी करायची, एवढंच सांगा," प्राचार्य म्हणाले. "समितीत मतं निम्मी निम्मी पडलीत. उरलं माझं. पण आखाडा पाडला तर त्याला लागून असलेली तुमच्या आईची खोलीही जाईल, आणि नवरा गेलेल्या बाईला मी घराबाहेर काढणार नाही. तुम्ही नको म्हणा, विषय संपला."

शकुन 'नको' म्हणायलाच आली होती. या कॉलेजच्या आखाड्याची माती तिच्या वडिलांनी, देवमननं, जन्मभर राखली. उन्हाळ्याच्या शेवटी तो गेला. ती अकोल्याच्या शाळेतून रजा काढून सकाळच्या गाडीनं अमरावतीला उतरली, ती थेट प्राचार्यांच्या खोलीत.

खिडकीतून आखाडा दिसत होता. पत्रे गंजले होते. एक खांब कलला होता. तिथं सिमेंटचं मैदान हवं, वर उंच छप्पर हवं, बास्केटबॉल हवा, असं तरुण प्राध्यापकांचं म्हणणं. "आमची पोरं मुरमावर सराव करून सामन्याला जातात," त्यांच्यातला एक म्हणाला, "आणि गुडघे फोडून परत येतात. कुस्ती आता खेळतं कोण?"

"तिले काय विचारता?" जानराव बोलले. कॉलेजला जमीन देणाऱ्यांपैकी ते एक. तरुणपणी नावाजलेले पैलवान. दोन्ही कान अजून मुडपलेले होते. "आखाडा म्हणजे देवमन. पोरी, तुह्या बापाच्या हातची माती कशी राहे, सांगू? लोण्यावानी. तेल, ताक, हळद, सारं कालवून. पाठीवर आदळलं तरी लागे नाही."

शकुननं मान खाली घातली. जेवायला बसला तरी त्याच्या हाताला तो वास असायचा.

"अन् माणूस कसा! नागपंचमीले पहाटीच खणून तयार. नारळ फुटेपर्यंत माती त्याची, फुटला का पैलवानायची. आपल्या आपण बाहीर निघे, अन् त्या निंबाखाली जाऊन उभा राहे. दिवसभर कुस्त्या पाहे. पण कोणाच्या आंगाले हात लावला नाही कधी. आमी त्याले नाही म्हटलं नाही, हां. म्हणाचं कामच पडलं नाही. असे समजदार लोकं आता भेटत नाहीत."

दोघातिघांनी माना डोलावल्या.

"छप्पन सालानंतरही?" शकुननं विचारलं.

"काय?"

"निंबाखाली."

"हो त," जानराव मायेनं म्हणाले. "तुमी सार्‍यायनं धम्म घेतला, पण देवमन काही बदलला नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला.

"पाडा," शकुन म्हणाली.

"पोरी, तुही माय कुठं जाईन?"

"माझ्याकडे. अकोल्याला."

जानराव तिच्याकडे पाहत राहिले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

खोलीच्या दारात तिची आई, मनकर्णा, सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. शकुन तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"काय झालं वं?"

"पाडून राहिले. मीच म्हटलं पाडा."

सुपातला हात थांबला नाही. "काहून?"

"त्यायनं बाबाले जन्मभर कुस्ती खेळू देली नाही, माय. माती करून घेतली अन् बाहीर उभं केलं. आता म्हणतात, त्याच्यासाठी आखाडा राखा."

"कोण म्हणे, खेळला नाही?"

"जानराव."

"त्याले काय मालूम." मनकर्णानं एक खडा वेचून अंगणात टाकला. "उन्हाळ्यात कॉलेज बंद राहे. दुपारी कुत्रं नाही फिरे रस्त्यावर. तवा कुर्बान ये, तो टांगेवाला. टांगा मागं सोडे, अन् दोघं या मातीत खेळत. मी इथंच दाराशी बसो. कोणी आलं त खोकलाचं, असं ठरलं होतं." ती जराशी हसली. "मले म्हणे, मनकर्णे, पंचाबिगर कुस्ती नाही होत. मंग मीच पंच. एक डोया रस्त्यावर, एक त्यायच्यावर."

शकुननं विचारलं, "कोण जिंके?"

"तुहा बापच. लय वेळा. कुर्बान म्हणे, भाभी, तुम तो इसकीच तरफ से बोलते. पण मी खरं तेच सांगो. चित म्हणजे चित." ती थांबली. "लगन झालं तवापासून. औंदाच्या उन्हाळ्यातबी खेळला. खोकला लागला होता तरी."

"मले कधी सांगतलं नाही."

"तुले?" मनकर्णानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तू शिकेल-सवरेल. तू बोलली असती कुठं ना कुठं."

ऑफिसकडून बूट वाजवत इंजिनियर आला. त्याच्या हातात फीत होती. तो आखाड्याच्या मधून चालत आला. त्याच्यामागून निघालेले जानराव काठाशी थांबले, वाकून वहाणा काढल्या, आणि मग तिथंच उभे राहिले.

"बाई, जरा सरकता का?" इंजिनियर म्हणाला. "उंबरठ्यापासून मोजायचं आहे."

मनकर्णा सूप घेऊन उठली आणि बाजूला झाली.

शकुनला मात्र उठता येईना.