आवडता मासा कोणता?

कल्पना करा, बाळांनो, तुम्ही छोट्या शाल्मलीच्या घराच्या पडवीत उभे आहात. भिंतीला लागून काचेच्या बरण्या मांडल्या आहेत. प्रत्येक बरणीत एकच फायटर मासा, आणि दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा. कारण हे मासे एकमेकांना दिसले की झुंजायला उठतात.

करखात्याचे अधिकारी एकेक करून त्या बरण्या पाहत होते. शाल्मलीचे बाबा, शाळेतले कारकून, रुमालाने मान पुसत म्हणाले, "हौस हो साहेब, दुसरं काय! कुणी फारच मागे लागलं, तर देतो एखादा."

"हौस असेल तर मी चहा पिऊन जातो," अधिकारी म्हणाले. " पण नफ्यासाठी नेमाने विकत असाल, तर तो धंदा झाला. मग मागच्या वर्षांचा कर दंडासकट भरावा लागेल."

बाबा हसले. अधिकारी हसले नाहीत. ते बाबांशेजारी उभ्या असलेल्या शाल्मलीसमोर वाकले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाळ, तुझा आवडता मासा कोणता गं?"

"आवडता ठेवायचाच नसतो," ती चटकन म्हणाली. "बाबा म्हणतात, जीव लावू नकोस, रविवारी गिऱ्हाइकं येतात."

बाबांचा हात मानेवरच थांबला. अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं.

आपलं काहीतरी चुकलं, हे शाल्मलीला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने धावत जाऊन कोपऱ्यातली निळ्या माशाची बरणी उचलली, पोटाशी घट्ट धरली आणि म्हणाली, "काका, हा एक खरंच हौसेचा आहे. बाकीचेच लिहा."