खुनी मुलगाच निघाला

“पुन्हा तेच!” विश्लेषकाने टेबलावर हात आपटला. “बाहेरून आलेली बाई गरीब गाय, आणि गुन्हेगार कोण, तर आपल्यातलाच. दर वेळी आपलाच माणूस कसा हो खुनी निघतो?”

शुक्रवारी गुन्हेमालिकेचा भाग झाला, की शनिवारी दुपारी वाहिनीवर त्याची चिरफाड व्हायची. या वेळची गोष्ट दोन भागांची होती. एकट्या म्हातारीचा खून होतो. संशय तिला सांभाळणाऱ्या परदेशी बाईवर. शेवटी खुनी निघतो तो म्हातारीचा मुलगा, वर्षानुवर्षं घरी न फिरकलेला.

समोरच्या प्राध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या, “परक्या बाईला एकदा माणूस म्हणून दाखवलं, तर तुमचं काय बिघडलं?”

“माणूस? देवी करून ठेवलीय तिची! तुमच्या घरात आहे का अशी कोणी? माझ्या आईच्या घरात आहे. दर रविवारी मी फोन करतो तो कशासाठी? आई जिवंत आहे ना, एवढंच बघायला!”

निवेदकाचा चेहरा खुलला. असं वाक्य मिळालं की त्याचा आठवडा निघायचा.

विश्लेषकाला मात्र चुटपुट लागली. वाक्य तोंडातून निसटलं होतं, आणि ते खरंही नव्हतं. तो फोन करायचा, कारण बोलायला दुसरं कोणी नव्हतं. बायको सोडून गेल्याला सहा वर्षं झाली होती. आठवडाभरात त्याच्या चेहऱ्याला हात लावणारा माणूस एकच, वाहिनीचा रंगभूषाकार. दुकानात लोक ओळखायचे, पाठ थोपटायचे, “बरोबर बोललात” म्हणायचे आणि आपल्या वाटेने जायचे. घरी तो बातम्यांशीच भांडायचा.

रविवारी सकाळी दहा वाजता मात्र आईशी पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांवर त्याचा आठवडा रेटला जाई.

गेल्या रविवारी दोघं याच गोष्टीच्या पहिल्या भागावर बोलले होते.

“ती बाई जरा जास्तच गोड बोलते रे,” आई म्हणाली होती. “म्हाताऱ्या माणसाला दिवसातून चारदा उचलायचं म्हणजे पाठीचा भुगा होतो. एवढा गोडवा सुचतो कोणाला?”

तो खो खो हसला होता. “तुझी बाई कशी वागते?”

“वागते आपली. कुरकुरते कधीकधी.”

“आपली भाषा येते का आता तिला?”

“येते की. घरात दुसरं आहेच कोण? माझ्याच तोंडचं उचललंय सगळं.” मग थोडं थांबून, “येतोस का एकदा?”

“बघतो गं. जरा सवड होऊ दे.”

सवड तीन वर्षं होत नव्हती. शेवटचा गेला होता तेव्हा ती बाई नुकतीच कामाला लागली होती. उंच, हाडकुळी. काही विचारलं की नुसती मान हलवायची. तो दुपारी पोचून संध्याकाळी निघाला होता.

चर्चेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याने दहाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. सव्वादहाला पुन्हा. साडेदहाला पुन्हा. आई ही वेळ कधी चुकवत नसे. सर्दीने घसा बसला होता तेव्हासुद्धा खोकत खोकत बोलली होती.

आपण काल काय बोललो ते त्याला आठवलं. त्या बाईने ऐकलं असेल. चिडली असेल. मालिकेतली बंद खोली, जमिनीवर पडलेली म्हातारी, सगळं डोळ्यांसमोर नाचू लागलं. अंगावरच्या कपड्यांनिशी तो बाहेर पडला.

बसला चार तास लागले. शेजारच्या माणसाने त्याला ओळखलं. “काल काय सुनावलंत हो!” म्हणाला. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

आईच्या इमारतीचे तीन जिने तो धावतच चढला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या दाराशी एक जुनी बॅग बांधून ठेवलेली. म्हणजे पळायच्या तयारीत आहे! त्याने आत धाव घेतली.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. जिवंत. धुतलेले कपडे, चापून विंचरलेले केस, गुडघ्यांवर घडी न मोडलेली चादर. त्याने गुडघे टेकून तिचे हात धरले. ते उबदार होते. त्याचे डोळे भरून आले.

“आई, फोन का नाही घेतलास? जीव गेला होता माझा अर्धा.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा थरथरला. बोलली मात्र नाही.

“रागावलीस? चुकलंच माझं, आई. मी तसं बोलायला नको होतं. दर रविवारी तुझा आवाज ऐकला, की मला माणसात आल्यासारखं वाटतं. दुसरं आहे कोण मला? काहीतरी बोल ना.”

आई नुसती पाहत राहिली. त्याला भीती वाटू लागली.

“काय केलंय तिने तुला? घाबरू नकोस, मी आलोय. कुठे आहे ती?”

स्वयंपाकघराचं दार वाजलं. ती बाई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. डोळे रडून सुजलेले. अंगावर बाहेर जायचा कोट. तो ताडकन उठला, तिच्या अंगावर ओरडायला त्याने तोंड उघडलं.

“आधी पाणी पी, दमून आलायस,” ती म्हणाली, ज्या आवाजासाठी तो दर रविवारी दहाची वाट पाहायचा, अगदी त्याच आवाजात. “त्यांची वाचा जाऊन दोन वर्षं झाली.”