दाराएवढी ढाल

ढाल हातात घेताच मुलीचा खांदा एका बाजूला कलला.

सुतार मात्र खुशीत होता. जन्मभर दारं केलेल्या माणसाने ढालही दारासारखीच केली होती: फळ्यांवर आडव्या फळ्या, त्यावर सरस लावून ताणलेलं कापड, कडेला शिवलेलं चामडं. लेक मध्ययुगीन लढाईच्या सरावाला जाते, तिला ओरखडाही येता कामा नये, एवढाच त्याचा हिशोब. "बिजागऱ्या राहिल्या की," बायको खिडकीतून म्हणाली. त्याने तिकडे कानाडोळा केला.

मुलगी अंगणात पवित्रा घेऊन उभी राहिली. बघता बघता ढाल हनुवटीवरून छातीशी आणि छातीवरून पोटाशी आली. येत्या रविवारी वस्ताद तिला पहिल्यांदाच पुढच्या रांगेत उभं करणार होते, त्यासाठी तिने वर्षभर घाम गाळला होता. तलवारी लाकडी असल्या तरी मार खराच असतो, तिने बापाला समजावलं. ढाल जड झाली की हात उतरतो, आणि हात उतरला की फटका थेट डोक्यात. जुन्या ढाली करंगळीएवढ्याही जाड नसायच्या, कडेला तर त्याहून पातळ.

"बाबा, मला लागू नये म्हणून केलीत ना? हिच्यामुळेच लागेल."

सुताराने ढाल तिच्या हातातून घेतली. काळजीपोटी त्याने फळ्यांचा एक थर जास्तीचा चढवला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण लेकीच्या हाताला ते बरोबर कळलं. त्याला वाईट वाटलं आणि मनातून थोडं बरंही वाटलं. त्याने चामड्याची शिवण उसवली, कापड सोलून काढलं आणि रंधा घेतला. ढलप्या पायाशी साचत होत्या.

कापड पुन्हा चढवण्याआधी मुलीने ढाल उचलून पाहिली. आता हात खाली येत नव्हता. ती हसली, पण सुताराचं समाधान होईना. ढाल त्याने स्वतःच्या हातात घेतली, अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि तिला वार करायला सांगितलं. पहिला वार तिने हळूच केला.

"बापाला गोंजारतेस काय? मार नीट."

मग तिने मारलं. आवाज ऐकून बायको बाहेर धावली. सुतार डोळे गच्च मिटून उभा होता. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि लाकडावरून सावकाश तळवा फिरवला. कुठे चीर नव्हती.

"कडेला अजून थोडी पातळ करता येईल," तो म्हणाला.